ऑफिसची कापडी खुर्ची घरी कशी स्वच्छ करायची? आणि पाणी सगळ्यात शेवटी का वापरायचं?

"ताई, खुर्चीला आंघोळ घातली होती का?"

सोफा आणि गाद्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या हातात माझ्या खुर्चीची सीट होती. खालचं काळं कापड त्यांनी उचकटलं होतं. आतलं प्लायवूड फुगलं होतं, स्टेपलच्या पिना गंजल्या होत्या आणि फोमला ओल्या पायपुसण्यासारखा वास येत होता.

घरून काम सुरू झालं तेव्हा घेतलेली ही चाकांची, कापडी गादीची खुर्ची. सीट काळपट दिसायला लागली म्हणून जुलैमधल्या एका रविवारी मी ती बाल्कनीत नेली, कपड्यांच्या पावडरने घासली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी कापड हाताला कोरडं लागलं, म्हणून खुर्ची पुन्हा टेबलाशी आली. आठवड्याभरात सीटखाली हिरवट-पांढरे ठिपके दिसले.

म्हणजे तीन वर्षांच्या धुळीने जे झालं नाही, ते एका रविवारच्या सफाईने झालं.

दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ५ दिवस, एवढंच धरलं तरी आपण वर्षाला साधारण २,००० तास या खुर्चीत काढतो. घाम, धूळ, चहा, डब्यातली भाजी सगळं तिच्यावर सांडतं. त्यामुळे ती स्वच्छ करावी लागणारच. प्रश्न एवढाच, की कशी? समजून घेऊया.

खुर्चीच्या आत असतं काय?

वर दिसतं ते कापड, बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं. त्याखाली पॉलियुरेथेनचा फोम, ज्याला आपण सरसकट 'स्पंज' म्हणतो. फोमखाली प्लायवूडची किंवा प्लास्टिकची फळी. आणि सगळ्यात खाली पिनांनी ठोकलेलं पातळ काळं कापड.

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. गादीसाठी वापरल्या जाणाऱ्या फोममध्ये एकमेकांना जोडलेली असंख्य बारीक छिद्रं असतात. बसलं की त्यातली हवा बाहेर जाते, उठलं की परत येते. म्हणून फोम दबतो आणि पुन्हा फुगतो.

अडचण अशी, की याच छिद्रांतून पाणीही आत शिरतं. शिरायला त्याला काही सेकंद पुरतात, बाहेर पडायला मात्र दिवस लागतात. खालून फळी असते, त्यामुळे वाट फक्त वरच्या कापडातून आणि कडांमधून. वरचं कापड लवकर वाळतं आणि आपल्याला वाटतं, खुर्ची सुकली.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे, की भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत कोरड्या झाल्या तर सहसा बुरशी धरत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. अशा हवेत भिजलेला फोम दोन दिवसांत वाळणं जवळपास अशक्य आहे. माझी चूक नेमकी हीच होती.

आधी लेबल शोधा

सीटच्या खालच्या बाजूला किंवा पाठीच्या शिवणीत एखादी कापडी पट्टी आहे का, ते बघा. अनेक कंपन्या त्यावर इंग्रजी अक्षरांत सफाईचा संकेत छापतात.

• डब्ल्यू: पाण्यावर आधारित क्लीनर चालेल.
• एस: पाणी नको. फक्त ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट.
• डब्ल्यूएस किंवा एसडब्ल्यू: दोन्ही चालेल.
• एक्स: काहीच लावायचं नाही. फक्त व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रश.

लेबल नसेल किंवा अक्षरं पुसली गेली असतील, तर सीटच्या मागच्या किंवा खालच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी चाचणी करा. जे वापरणार आहात त्याचे दोन थेंब टाका, पांढऱ्या कापडाने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. पांढऱ्या कापडावर रंग उतरला किंवा वाळल्यावर डाग राहिला, तर ते द्रावण या खुर्चीसाठी नाही. खाली जिथे 'चाचणी' म्हटलंय, तिथे हीच अभिप्रेत आहे.

पहिली पायरी: कोरडी सफाई

खुर्चीतली बरीचशी घाण कोरडी असते. धूळ, केस, खाण्याचे कण, त्वचेचे बारीक कोंड्यासारखे कण. यावर पाणी पडलं की त्याचा चिखल होतो आणि तो धाग्यांत बसतो. म्हणून पाण्याआधी हे काढायचं.

घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सोफ्यासाठी दिलेलं छोटं तोंड लावा. सीट आणि पाठ जिथे जुळतात ती फट, शिवणी आणि हातांच्या खालची बाजू यांवर जास्त वेळ द्या. व्हॅक्यूम नसेल तर खुर्ची गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा आणि तळहाताने थोपटा. नाकाला मास्क लावा. विशेषतः दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला सांगा.

कारण या धुळीत फक्त धूळ नसते. त्यात धुळीतले सूक्ष्म कोळी, म्हणजे डस्ट माइट असतात. साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे हे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे शिंका, नाक गळणं, दम्याचा त्रास वाढू शकतो. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणजे ओलसर खुर्ची त्यांनाही सोयीची.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं ही कोरडी सफाई केली, तर ओल्या सफाईची वेळ वर्षातून दोन-तीनदाच येते.

दुसरी पायरी: ओली सफाई, पण फेसाने

हे फक्त 'डब्ल्यू' किंवा 'डब्ल्यूएस' लेबल असलेल्या, किंवा चाचणीत पास झालेल्या कापडासाठी.

१. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा टाका आणि भरपूर फेस काढा.
२. स्पंजने फक्त फेस उचला. खालचं पाणी नाही.
३. फेस कापडावर लावा आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने गोलाकार फिरवा. जोर लावला तर कापडाला गोळे येतात.
४. दुसरं सुती कापड साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि साबण पुसून घ्या. दोन-तीनदा. साबण राहिला तर तो चिकट होतो आणि खुर्ची आधीपेक्षा लवकर मळते.
५. कोरडा टॉवेल ठेवून तळहाताने दाबा, म्हणजे उरलेला ओलावा टॉवेलमध्ये येईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डाग एका कोपऱ्यात असला तरी पुसताना एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग पुसा. नाहीतर मध्येच पिवळट कडा असलेलं वर्तुळ उमटतं. याचं कारण शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात उलगडलं होतं, कॉफीच्या डागाच्या निमित्ताने. थेंब वाळताना कडेला बाष्पीभवन जास्त होतं, तिकडे आतलं पाणी धावतं आणि सोबत कणही घेऊन जातं. खुर्चीवरही असंच काहीसं होतं: पाणी उडून जातं, घाण कडेला थांबते.

सुकली हे कसं ओळखायचं?

हात लावून कळत नाही. सीटवर टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद ठेवा, वर जाडजूड पुस्तक ठेवा, दहा मिनिटं थांबा. कागद मऊ पडला तर आत ओल आहे.

सुकवताना पंखा थेट सीटवर येऊ द्या. सीट निघण्यासारखी असेल तर ती काढून उभी ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल. ऊन चांगलं, पण दिवसभराचं कडक ऊन रंग उडवतं. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर. आणि पूर्ण सुकेपर्यंत बसू नका, कारण बसलं की वरचा ओलावा फोममध्ये खोल दाबला जातो.

डाग कोणता, उपाय कोणता?

सगळ्या डागांना लागू पडणारा एक नियम: आधी टिपा, घासू नका. बाहेरच्या कडेकडून आत टिपत या, म्हणजे डाग पसरणार नाही.

चहा-कॉफी: लगेच टिपा. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी, यात भिजवून पिळलेल्या कापडाने टिपा. दूध असल्यामुळे शेवटी साबणाचा फेसही लागतो, नाहीतर दोन दिवसांनी वास येतो.

तेल, तूप, भाजीचा रस्सा: वर कॉर्नफ्लॉर किंवा टाल्कम पावडर टाका. अर्धा तास तेल शोषू द्या, झाडून टाका, मग भांड्यांच्या लिक्विडचा फेस.

हळद: डबा सांडला की हा डाग ठरलेला. साबण लावल्यावर तो पिवळ्याचा लाल होतो आणि आपण घाबरतो. घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीच्या संपर्कात लाल होतं. हळदीला चुना लावून पारंपरिक कुंकू तयार होतं, ते याच गुणामुळे. साबण पुसून काढला की डाग पुन्हा पिवळट दिसतो. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून चाचणी करून सर्जिकल स्पिरिटने टिपा. उरलेला पिवळेपणा उन्हात फिकट होतो. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन दिवस थोडा थोडा वेळ दाखवा.

बॉलपेनची शाई: कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन टिपा आणि दर वेळी नवा बोळा घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातलं ॲसिटोन काही कापडं आणि खुर्चीचं प्लास्टिक विरघळवू शकतं.

रक्त: मासिक पाळीचा डाग खुर्चीवर लागणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. ऑफिसमध्ये त्यावर स्कार्फ टाकून बसून राहण्यापेक्षा पहिल्या अर्ध्या तासात उपाय केला तर डाग बहुधा पूर्ण जातो. पाणी गारच हवं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट होतात आणि डाग धाग्यात बसतो. गार पाण्यात पिळलेल्या कापडाने टिपत राहा, मग साबणाचा फेस. जुना डाग असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब. मेडिकलमधल्या बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल, तर तेवढंच पाणी मिसळा. हे रंगीत कापडाचा रंग उडवू शकतं, म्हणून चाचणी आवश्यक.

घामाचा किंवा कुबट वास: कोरड्या सीटवर खाण्याचा सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर सोडा वापरू नका. तो धाग्यांत अडकून कपड्यांना लागत राहतो.

हे कधीच करू नका

• ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरसारखं कोणतंही ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच क्लीनरही एकत्र नको. हे विषारी वायू बंद खोलीत जिवावर बेतू शकतात.
• व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून 'जादुई' द्रावण बनवू नका. दोघं एकमेकांचा परिणाम संपवतात. बुडबुडे छान दिसतात, उरतं ते जवळपास खारट पाणी.
• स्पिरिट वापरताना खिडक्या उघड्या ठेवा. जवळ गॅस, उदबत्ती किंवा निरांजन पेटलेलं नको.

पावसाळा, बुरशी आणि सोलवटणारं रेग्झिन

बुरशीचे ठिपके दिसले तर खुर्ची घराबाहेर न्या. मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा, कापड चालत असेल तर स्पिरिटने पुसा आणि कडक सुकवा. ब्रश घरात चालवलात तर बुरशीचे बीजाणू खोलीभर पसरतील. ठिपके फक्त वरच्या कापडावर असतील तर खुर्ची वाचते. वास फोममधून येत असेल तर फोम बदलावाच लागतो.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: "खुर्ची फारशी वापरलीच नाही, तरी रेग्झिनची पापुद्रे निघतायत." अनेक खुर्च्यांवरचं चामड्यासारखं दिसणारं आवरण म्हणजे कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतला ओलावा हळूहळू त्याची रासायनिक साखळी तोडतो. म्हणून दमट शहरात ते न वापरताही सोलवटतं. यावर कोणतंही क्रीम किंवा पॉलिश चालत नाही, आवरण बदलणं हाच उपाय. ते टिकवायचं असेल तर घाम कोरड्या कापडाने रोज पुसा आणि सॅनिटायझर, स्पिरिट लांब ठेवा.

जुनी खुर्ची घेताय? आधी शिवणी बघा

बंद झालेल्या ऑफिसांच्या खुर्च्या स्वस्तात मिळतात. घरात आणण्याआधी सीट उलटी करा आणि मोबाइलचा टॉर्च मारून शिवणी, पिनांच्या रांगा, काळ्या कापडाच्या कडा तपासा. शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके, टाकलेली कात किंवा तपकिरी चपटे किडे दिसले, तर ते ढेकूण आहेत. ती खुर्ची घेऊ नका.

घरच्या खुर्चीत ढेकूण झालेच, तर रॉकेल ओतायचा जुना उपाय करू नका. फोम रॉकेल धरून ठेवतो आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. नुसतं उन्हात ठेवूनही भरवसा नाही. ढेकूण आणि त्यांची अंडी मरायला साधारण ५० अंश सेल्सिअस तापमान आतपर्यंत पोचावं लागतं आणि ते तिथे काही काळ टिकावं लागतं. इथे कीटकनियंत्रणवाल्यांना बोलावणंच योग्य.

खालची बाजू विसरू नका

महिन्यातून एकदा खुर्ची आडवी करा.

चाकं: बहुतेक चाकं सरळ ओढली की निघतात. त्यात अडकलेले केस आणि दोरे कात्रीने कापून चिमट्याने काढा. खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिकट लगदा होतो. थोडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. लादीवर खुर्ची खडखडत असेल तर चाकं बदला. कडक नायलॉनची चाकं गालिच्यासाठी असतात, आपल्या लाद्यांना रबरासारखी मऊ चाकं लागतात.

स्क्रू: सीटखालचे आणि हातांचे स्क्रू वापराने सैल होतात. ॲलन कीने घट्ट करा. खुर्ची डुगडुगते त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

पाच पायांचा स्टँड: त्यावर बारीक तडा दिसला तरी खुर्ची वापरणं थांबवा. तडा गेलेला पाय सूचना न देता मोडतो.

मधला दांडा: याला आपण 'हायड्रॉलिक' म्हणतो, पण आत दाबाखाली भरलेला वायू असतो, बहुधा नायट्रोजन. बसल्यावर खुर्ची आपोआप खाली जात असेल तर आतलं सील गेलंय. हा दांडा दुरुस्त होत नाही, बदलतात. त्याला भोक पाडू नका, तापवू नका, भंगारात देण्याआधी तोडू नका. दाबातला वायू बाहेर पडताना दांड्याचे भाग उडून गंभीर इजा होऊ शकते.

मग नवी खुर्ची कधी घ्यायची?

स्टँडला तडा असेल किंवा सीटखालची यंत्रणा वाकली असेल, तर नवीच घ्या. पण फक्त फोम बसला असेल, कापड फाटलं असेल किंवा चाकं गेली असतील, तर आधी जवळच्या कुशनवाल्याकडे चौकशी करा. फोम बदलताना '४० डेन्सिटी'चा मागा. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. आकडा जास्त, तर फोम सहसा जास्त दिवस टिकतो.

माझी खुर्ची तशीच वाचली. नवं प्लाय, नवा फोम, तेच कापड. काकांनी ती परत देताना आणखी एकच सूचना केली: "धुवायची नाही, पुसायची."

थोडक्यात वेळापत्रक

• रोज: घाम आला असेल तर कोरड्या कापडाने पुसा. सांडलं की लगेच टिपा.
• आठवड्यातून एकदा: व्हॅक्यूम किंवा ब्रश, पाच मिनिटं.
• महिन्यातून एकदा: चाकं, स्क्रू, स्टँड तपासा.
• वर्षातून दोन-तीनदा: फेसाने सफाई. एकदा मे महिन्यात, पावसाआधी, आणि एकदा दिवाळीच्या आवराआवरीत.
• जून ते सप्टेंबर: फक्त कोरडी सफाई. डाग पडला तर तेवढंच टिपा आणि पंख्याखाली सुकवा.